अकरा मिनिटांचा क्रेट

यवत, ६ जानेवारी २०२५

ती. मामा,
सप्रेम जयभीम.

फोनवर विचारायला गेले तर तुम्ही म्हणालात, मापाची गोष्ट कागदावर लिही, फोनवर माणूस नुसतं हां हां करतं, आणि फोन ठेवून दिलात. म्हणून लिहिते आहे. आई हसतेय. म्हणते, तुझ्या मामानं आख्खी नोकरी लोकांचे हात मोजण्यात घालवली, आता भाचीच्या चुका मोजेल.

दिवाळीपासून मी इथल्या भेंडीच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सकाळी शेतकऱ्यांकडून क्रेटमधून भेंडी येते. आमच्याकडच्या बाविसजणी ती निवडतात, वाकडी आणि डागाळलेली बाजूला काढतात, सरळ बोटभर भेंडी खोक्यात लावतात, आणि संध्याकाळी गाडी मुंबईला विमानतळाकडं निघते. काम एवढंच. पण दुपारनंतर एकेकीची मान धरते. गिताबाई म्हणून एक आहे, साठीला टेकलेली. ती घरी निघताना शेडचा खांब धरून सरळ होते. काल मला म्हणाली, "पोरी, तू शिकल्याली हायस, मग ह्या मानंचं कायतरी बघ की." आमचे मालक रोहिदास शेठ, त्यांना सांगितलं तर म्हणाले, बाम आणून ठेवतो.

तुम्ही रांजणगावच्या कंपनीत हेच करत होता ना? काय करू ते सांगा. जरा लवकर सांगा.

तुमची
गौतमी


शिरूर, १० जानेवारी २०२५

चि. गौतमी,
जयभीम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. त्यात एकही माप नाही.

मान धरते म्हणजे काय? टेबल किती उंच आहे? बाई किती उंच आहे? क्रेट जमिनीवर असतो की स्टुलावर, डाव्या हाताला की उजव्या? नासकी भेंडी कुठं टाकतात? एक क्रेट रिकामा व्हायला किती मिनिटं लागतात? यातलं काहीच लिहिलं नाहीस, आणि वर 'जरा लवकर सांगा'. डिप्लोमा केलास ना तू? की नुसताच फोटो काढलास टोपी घालून?

बाम देणारा मालक मी पहिल्यांदा बघत नाही. आमच्याकडं ग्लुकोजच्या पुड्या वाटायचे.

आता ऐक. पहिले दोन दिवस फक्त उभी राहा आणि बघ. कुणाला काही शिकवू नकोस. तिसऱ्या दिवशी एका पुठ्ठ्यावर शेडचा नकाशा काढ. टेबल, क्रेटची थप्पी, नासक्याची बादली, जिथं जिथं बाई जाते तिथं टाचणी टोच. एक बाई निवड आणि तिच्यामागं दोरा फिरव. ती जिकडं जाईल तिकडं दोरा. एक क्रेट संपला की दोरा सोडून मोज. मग तुला कळेल की बाई दिवसभर भेंडी निवडत नाही, ती चालते आणि वाकते, आणि मधल्या वेळात भेंडी निवडते.

घड्याळ लपवून धरू नकोस. लपवलंस तर बाया तुला चोर समजतील, आणि ते बरोबरच असेल.

मामीनं पत्र वाचलं. तिनं सांगितलंय की मामाचं ऐकून स्वतःचं स्वयंपाकघर मात्र बदलू नको. मी एकदा तिच्या डब्यांच्या जागा बदलल्या होत्या, तिची शंभर पावलं वाचली होती. तिनं तिसऱ्या दिवशी सगळे डबे परत होते तिथं नेऊन ठेवले आणि माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

तुझा
साहेबरावमामा


यवत, १९ जानेवारी २०२५

ती. मामा,
जयभीम.

घ्या मापं. टेबल सव्वीस इंच. शेठनी मंडपवाल्याकडून पंगतीची जुनी टेबलं उचललीत, जेवायला बसायची, आणि बाया त्याच्याशी उभ्या राहून काम करतात. बाई सरासरी पाच फूट. क्रेट पाठीमागं जमिनीवर. म्हणजे दर ओंजळीला मागं वळायचं, वाकायचं, उचलायचं, परत वळायचं. नासक्याची बादली दोन टेबलांत एक, कुणाच्याच हाताजवळ नाही. अंजना नावाची एक चपळ बाई आहे, तिच्यामागं दोरा फिरवला. एका क्रेटला बासष्ट पावलं आणि चाळीस वेळा वाकणं. एका क्रेटला अकरा मिनिटं.

मला माझीच लाज वाटली. तीन महिने रोज हे बघत होते.

अंजना म्हणाली, दोऱ्यानं मापं घेतीस, आमाला पोलकी शिवणार हायस का? सगळ्या हसल्या. गिताबाईनं विचारलं, तुजा मामा डाक्टर हाय का? मी म्हटलं, नाही, कंपनीत होता. तर म्हणाली, मग त्याला आमच्या मानंचं काय कळतंय? मामा, खरं सांगते, मलाही तुमचं काम नीट सांगता आलं नाही. आई म्हणते तुमच्या भागात हे काम पहिल्यांदा तुम्हीच सुरू केलं. ते कसं, जरा लिहा ना.

गौतमी


शिरूर, २३ जानेवारी २०२५

चि. गौतमी,
जयभीम.

आता हे पत्र झालं.

टेबलाच्या पायांखाली पक्क्या विटा लाव, टेबल छत्तीस इंचावर आण. गिताबाई बुटकी असली तर तिच्यापुरतं चौतीस. क्रेट जमिनीवरून उचल, रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर भरलेला ठेव, आणि तो पाठीमागं नको, डाव्या कुशीला. नासक्यासाठी बादली नको. टेबलाच्या कडेला गोणपाटाची झोळी बांध, हात नुसता सोडला की भेंडी आत. दोन्ही हात एकाच वेळी चालले पाहिजेत. डावा हात भेंडी धरून उभा आणि उजवाच काम करतोय, असं दिसलं की समज, अर्धी बाई रिकामी उभी आहे.

माझं काय सांगू? चौऱ्याऐंशी साली भोसरीला एका कारखान्यात झाडायला लागलो. एक माणूस स्क्रू घ्यायला दर वेळी वाकायचा. मी त्याचा डबा उचलून बाकड्यावर ठेवला. फोरमननं मला शिव्या घातल्या, डबा खाली ठेवला. मी परत वर ठेवला. तिसऱ्या दिवशी एक साहेब आला, त्याच्या हातात घड्याळ आणि कागद अडकवलेली फळी होती. त्यानं मला विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? मी म्हणालो, आमच्या आईनं. ती रोज दुसऱ्याच्या रानात कांदे काढायची आणि रोज रात्री पाठ चेपून घ्यायची. त्यानं दुसऱ्या दिवशी फळी माझ्या हातात दिली.

शहाण्णव साली रांजणगावला कंपनी उघडली तेव्हा मला घेतलं. औद्योगिक वसाहतीत असलं काम करणारा दुसरा कुणी नव्हता. इतर कंपन्यांचे लोक बघायला यायचे. मी भिंतीला पुठ्ठे लावले होते, त्यावर रंगीत दोरे. म्हणायचे, साहेबराव, हे तर पतंगाच्या दुकानासारखं दिसतंय. मला एवढंच माहीत होतं की माणूस घरी जाताना सरळ गेला पाहिजे. बाकी कंपनीचं कंपनी बघेल असं वाटायचं.

बस. विटा लाव आणि कळव.

मामा


यवत, ९ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,
जयभीम. जयभीम. दोनदा लिहिते.

विटा शेठनी दिल्या नाहीत. शेजारी गोठ्याचं बांधकाम चालू आहे, तिथून बायांनीच उचलून आणल्या, पदरात घालून. झोळ्या अंजनानं शिवल्या. पहिले दोन दिवस सगळ्या माझ्यावर चिडल्या, हात कुठं जावा तेच कळंना म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी लागला हात. आता एका क्रेटला सात मिनिटं. सात. मी आठ दिवस रोज सकाळी आठ ते दहा मोजलंय, दहानंतर मला गाडीचे कागद करावे लागतात.

गिताबाई खांब धरत नाही आता. काल निघताना माझ्या गालावर हात फिरवला आणि म्हणाली, मामाला म्हणावं, मान हाय जागंवर. एवढंच म्हणाली. मी घरी येऊन आईला सांगितलं तर आईच रडायला लागली.

गौतमी


शिरूर, १३ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमी,

तुझं पत्र घेऊन मी गल्लीभर फिरलो. मामी म्हणाली, लग्नाची पत्रिका आहे का. चहाच्या टपरीवर वाचून दाखवलं. अकराचे सात. मला स्वतःला आयुष्यात एका फटक्यात एवढं कधी जमलं नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेव. सात हा आकडा शेठला सांगू नकोस. त्याला सांग, मानेचं दुखणं गेलं, माल कमी चेंगरतो, गाडी वेळेवर निघते. मिनिटं सांगू नकोस. मालकाला मिनिटं सांगितली की त्याला माणसं दिसतात, आणि ती जास्त दिसतात. तू शहाणी आहेस, जास्त लिहीत नाही.

पुठ्ठा जपून ठेव. मला बघायचाय.

मामा


यवत, २ मार्च २०२५

ती. मामा,
जयभीम.

उशीर झाला लिहायला. काम जास्त आहे. सगळं बरं आहे.

एक विचारायचं होतं. तुमच्या कंपनीत वेळ कमी झाल्यावर जी माणसं जास्तीची व्हायची, त्यांचं काय करायचे?

गौतमी


शिरूर, ६ मार्च २०२५

चि. गौतमी,
जयभीम.

तुझं पत्र फार लहान होतं. पुठ्ठा पाठवायचा राहिला वाटतं.

माणसांचं म्हणशील तर मोठ्या कंपनीत शंभर खाती असतात, इकडची तिकडं होतात. तो विषय वेगळा. तू झोळीचं बघ. उन्हाळा लागला की गोणपाट कडक होतं आणि हाताला घासतं, तर त्याच्या तोंडाला जुन्या साडीची पट्टी शिव. टेबलाची उंचीही परत बघ. विटा दबतात. गिताबाईचं टेबल चौतीसवरच आहे ना? आणि भेंडीची कुसं हाताला लागून खाज सुटते, त्याला बायांनी हातमोजे घातले तर बोटांचा वेग जातो. शिंप्याकडून बोटांची टोकं उघडी असलेले पातळ मोजे करून घे.

तुमच्याकडं ऊन कसं आहे?

मामा


यवत, ९ मार्च २०२५

मामा,

ऊन चांगलं आहे. मोज्यांचं राहू द्या.

मी एक साधा प्रश्न विचारला आणि तुम्ही मला साडीची पट्टी शिवायला सांगता. म्हणून आता सगळं लिहिते. तुमचं 'शेठला सांगू नकोस' हे पत्र आलं त्याच्या चार दिवस आधीच मी सातचा तक्ता शेठच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. कारण मला शाबासकी पाहिजे होती. ती मिळाली. सगळ्यांसमोर मिळाली, पेढे वाटले शेठनी. मग केबिनमध्ये बोलवून कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला. बाविसजणी अकरा मिनिटांनी करतात ते काम सात मिनिटांनी चौदाजणी करतील. हिशोब बरोबर आहे ना मॅडम, असं विचारलं. बरोबर होता. गुढीपाडव्यापासून आठजणी कमी. म्हणाले, बाकी काम तुम्हीच छान केलंय, तर नावंही तुम्हीच द्या.

तेव्हापासून मी बायांच्या तोंडाकडं बघत नाही. गिताबाई रोज माझ्यासाठी डब्यात ठेचा आणते.

मी तुम्हाला विचारलं कारण मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही टाळलंत, तेव्हा मी आईला विचारलं. आई आधी म्हणाली, जुनं कशाला काढतेस. मग म्हणाली, अठ्ठ्याण्णव साली तुमच्या मोजणीनंतर अकरा माणसं गेली, आणि त्यातले एक हौसराव. तुमचे मित्र. ते तुमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात आणि सव्वीस वर्षं झाली, ते तुमच्याशी बोलत नाहीत. खरं आहे का हे? खरं असेल तर मला विटा लावायला सांगताना ही गोष्ट तुम्हाला आठवली नाही का? की तिथं भाची आहे, ती शहाणी आहे, ती बघेल, असं वाटलं?

राग आलाय म्हणून जयभीम लिहायचं राहिलं. जयभीम.

गौतमी


शिरूर, ११ मार्च २०२५

चि. गौतमी,
जयभीम.

तुझ्या आईनं सांगितलं ते खरं आहे. त्यावर नंतर लिहितो. आधी काम, कारण दिवस थोडे आहेत.

तुझं ९ फेब्रुवारीचं पत्र मी टपरीवर वाचून दाखवत होतो तेव्हा त्यातलं एक वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मी ते वाचलंच नाही. सकाळी आठ ते दहा. तू फक्त सकाळी मोजलंस. सकाळी हात ताजा, भेंडी ताजी, देठ कट्कन तुटतं. दुपारी दोनला भेंडी मऊ पडते, हाताला खाज सुटते, पाय भरून येतात. तेव्हाच्या क्रेटला सात मिनिटं लागत असतील तर मी माझं नाव बदलीन. दिवसभराचं मोज. आठपासून सहापर्यंत, सलग सहा दिवस. मधे बाया पाणी प्यायला, बाथरूमला जातात तो वेळही धर, तो कामाचाच वेळ आहे. गाडीचे कागद दुसऱ्या कुणाला दे.

चूक तुझी नाही. घड्याळ हातात घेणाऱ्याला पहिल्यांदा हा रोग लागतोच, चांगला आकडा दिसला की तो लगेच वही मिटतो. मी बत्तीस वर्षांचा अनुभव घेऊन तुझं पत्र वाचत होतो आणि मीही वही मिटली. अठ्ठ्याण्णवला मी पहिल्या पाळीचे पहिले दोन तास मोजले होते. साहेबांना आकडा चार दिवसांत पाहिजे होता.

मामा


यवत, २१ मार्च २०२५

ती. मामा,
जयभीम.

मोजलं. सहा दिवस, सकाळी आठ ते सहा. दुपारी तीननंतर अंजनासुद्धा साडेअकरा मिनिटांवर जाते. दिवसभराचं काढलं तर साडेनऊ मिनिटं. म्हणजे एकोणीसजणी लागतात. चौदा नाही.

तक्ता घेऊन शेठकडं गेले. ते चिडले. म्हणाले, महिन्यात तुमचे सातचे साडेनऊ झाले, पुढच्या महिन्यात अकरा होतील. मी म्हटलं, उद्या दुपारी तुम्ही स्वतः टेबलाला उभे राहा, मी तुमचा क्रेट मोजते. उभे राहिले. तीन वाजता चालू केलं, साडेतीनला हात खाजवत केबिनमध्ये गेले. क्रेट अर्धा राहिला. संध्याकाळी निरोप आला, एकोणीस चालतील.

पाचजणी वाचल्या. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण तिघी जाणारच आहेत आणि नावं मीच द्यायची आहेत, ३० तारखेपर्यंत. सगळ्यात हळू गिताबाई आहे. कागदावर बघितलं तर तिचंच नाव पहिलं येतं. तिच्या मानेसाठी मी हे सगळं सुरू केलं, आणि तिलाच काढायचं? उरलेल्या दोघी कोण? जिचा नवरा कमावतो ती? की जी माझ्याशी नीट बोलत नाही ती? मी वहीत तीन नावं लिहिली आणि खोडली, परत लिहिली, परत खोडली.

तुम्ही अकरा नावं कशी लिहिलीत? टाळू नका. मला ते शिकायचंय असं नाही. मला फक्त माहीत पाहिजे.

गौतमी


शिरूर, २४ मार्च २०२५

चि. गौतमी,
जयभीम.

लिहितो. मामीलाही हे माहीत नाही.

हौसराव आणि मी एकाच लाइनवर होतो. शहाण्णवला मी शिरूरला आलो तेव्हा मला खोली मिळत नव्हती. नाव सांगितलं की खोली रिकामी नसायची. आडनाव सांगितल्यावर तर नसायचीच. हौसरावनं आपल्या घरातली पुढची खोली दिली. त्याच्या आईला ते पटलं नव्हतं. तो आईला म्हणाला, तो राहणार नसेल तर मी बी राहत न्हाई. दोन वर्षं मी त्याच्या घरात राहिलो, त्याच्याच ताटाशेजारी जेवलो.

मग ती मोजणी झाली. एक्केचाळीस माणसांची लाइन, साहेब म्हणाले तीसवर आण, नावं तू दे, तुला माणसं माहीत आहेत. तेव्हा लाइनवर सगळे कुजबुजत होते की साहेबराव आपल्या माणसांना वाचवणार. आपली माणसं म्हणजे कोण, ते तुला कळतं, आणि ज्याच्या घरात मी राहत होतो तो हौसरावही त्यांनी त्यातच धरला होता. मला ते ऐकायचं नव्हतं. मला दाखवायचं होतं की माझं घड्याळ कुणाचं नाही. म्हणून मी पहिलं नाव हौसरावचं लिहिलं. तो हळू नव्हता गौतमी. तो लाइनवरचा तिसरा चपळ माणूस होता. तो माझा होता म्हणून मी त्याचं नाव लिहिलं. पुढची दहा नावं मग सोपी गेली.

त्याच महिन्यात मला बढती मिळाली. मी त्याची खोली सोडली. त्यानं सामान बाहेर काढायला मदत केली आणि त्यानंतर एक शब्द बोलला नाही. शनिवारच्या बाजारात समोरासमोर येतो, तो कांद्याच्या ढिगाकडं वळतो.

कंपनीनं मला निवृत्तीच्या दिवशी शाल दिली, भाषणात म्हणाले, साहेबरावांनी आम्हाला हजारो तास वाचवून दिले. मी खुर्चीत बसून विचार करत होतो, ते तास कुणाकडं गेले.

तुला काय सांगू? नावं लिहू नकोस एवढंच म्हणू शकतो, पण मग काय कर, ते मला येत नाही. मला कधीच आलं नाही.

मामा


यवत, ४ एप्रिल २०२५

ती. मामा,
जयभीम.

मी नावं दिली नाहीत. मला सुचलं म्हणून नाही. २९ तारखेला दुपारच्या सुट्टीत मी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि सगळं सांगितलं. सातचा तक्ता, चौदा, साडेनऊ, एकोणीस, ३० तारीख. तुमचं शेवटचं पत्रही वाचून दाखवलं. तुम्हाला न विचारता वाचलं, त्याबद्दल बोला मला.

जे काही झालं ते विचारू नका. भाकरीचे तुकडे हातातच राहिले. अंजना उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या मामानं आमची मान सरळ केली, आन् तू ती कापायला निघालीस व्हय गं?" दोघीतिघी म्हणाल्या, काढा त्या विटा, व्हतं तसं करा, अकरा मिनिटं तर अकरा मिनिटं. एकीनं खरंच पायानं वीट ढकलली. तुम्हाला शिव्या बसल्या, मला त्याहून जास्त. मी खाली मान घालून बसले होते. मला वाटत होतं की हे आता संपावं आणि कुणीतरी मला घरी जा म्हणावं.

गिताबाई तोवर जेवत होती. तिनं हात धुतला आणि विचारलं, शेटला एकुणीस बाया पायजेत का एकुणीस नावं पायजेत? मी म्हटलं, बाया. टेबलाला एकोणीसजणी उभ्या दिसल्या की झालं. तर म्हणाली, "मग येवडं काय रडताय? कॅनॉलचं पाणी कमी सुटलं तर कुणाचं रान वाळवत्यात का? पाळी धरत्यात."

मामा, एवढंच. रोज तिघींनी पाळीनं घरी राहायचं. आठवड्यातून एक खाडा प्रत्येकीला पडतो, पण बाविसच्या बाविसजणी राहतात. सगळ्यांना ते आवडलं असं नाही. एका दिवसाची मजुरी जाते, ती कुणाला परवडते? अर्धा तास भांडणं झाली, कुणाची पाळी बाजाराच्या दिवशी नको, कुणाची पोराच्या शाळेच्या दिवशी नको. शेवटी ठरलं. मग अंजना माझ्याकडं वळली आणि म्हणाली, पाळीत तू बी हायस. तुझा बी खाडा. मी हो म्हटलं. माझ्या खाड्याला घरी राहणाऱ्या तिघींतली एक माझं काम बघते.

शेठना सांगितलं तर ते बराच वेळ शोधत होते की यात आपलं नुकसान कुठं आहे. सापडलं नाही, म्हणून हो म्हणाले.

माझ्याशी अजून कुणी नीट बोलत नाही. ठेचा बंद झालाय. काल माझा पहिला खाडा होता, दिवसभर घरात बसून राहिले आणि चिडचिड झाली. आपण दोघांनी एवढं मोजलं मामा, दोरे लावले, दिवस दिवस घड्याळ धरलं. हे आपल्याला का सुचलं नाही?

गौतमी


शिरूर, १२ एप्रिल २०२५

चि. गौतमी,
जयभीम.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस टपरीवर गेलो नाही. मामीला वाटलं, मला बरं नाही. का सुचलं नाही ते मला माहीत आहे. आपण बाईचा हात बघितला, पाठ बघितली, पावलं बघितली. तिला काय वाटतं ते विचारायचं आपल्या फळीवर कुठं लिहिलेलं नसतं. एक्केचाळीस माणसं माझ्यासमोर उभी होती. मी एकालाही विचारलं नाही.

काल सकाळी मी हौसरावकडं गेलो. तो अंगणात बसून कडब्याच्या पेंढ्या बांधत होता. त्यानं वर बघितलं आणि परत खाली बघितलं. मी समोर बसलो. पाठ करून गेलो होतो, तरी सगळं उलटंसुलटं सांगितलं. नाव मी लिहिलं, पहिलं लिहिलं, तू हळू होतास म्हणून नाही, आपला होतास म्हणून.

त्यानं हातातली पेंढी पुरी बांधली. मग म्हणाला, "ते मला तवाच ठाव हुतं. साहेबाच्या टेबलावर यादी बघितली हुती मी. तुजं अक्षर मी वळखत न्हाई व्हय?"

मी म्हणालो, मग सव्वीस वर्षं कशाचा राग होता?

तो म्हणाला, "तू मला इचारलं असतंस तर मीच म्हणलो असतो, माजं नाव टाक म्हणून. माझ्याकडं दोन एकर तरी हुती. ज्या दहाजणांची नावं टाकलीस, त्यातल्या कितीकांकडं ती बी नव्हती. माजं नाव गेल्याचा राग न्हाई. पर तू इचारलंच न्हाईस. एका ताटाला जेवत हुतो आपुन."

तो उठला आणि घरात गेला. मी तिथंच बसलो. बऱ्याच वेळानं त्याची सून बाहेर आली आणि म्हणाली, मामा, ते झोपलेत. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

मी उठलो आणि घरी आलो. उद्या परत जाणार आहे.

तुझा
साहेबरावमामा